शनिवारी घर आमचं नसतं

९ नोव्हेंबर, रविवार

आज सकाळी माझ्याच न्हाणीघराबाहेर मी टॉवेल घेऊन उभी होते आणि आत बोरिवलीचा कोणी गृहस्थ गाणं म्हणत अंघोळ करत होता. गरम पाणी मी तापवलेलं, साबण माझा, आणि बाहेर आल्यावर तो मलाच म्हणतो, "मावशी, पाण्याचा फोर्स जरा कमी आहे." मावशी! माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठा असेल मेला.

कुठेतरी लिहून काढल्याशिवाय डोकं फुटेल, म्हणून ही डायरी. सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा मालवणच्या आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. मीही खाल्ले. शनिवार-रविवार मुलांचे, असं मनात धरलं होतं. सरकारने ते दोन दिवस मला दिले आणि माझ्या नवऱ्याने ते पर्यटकांना दिले. अजयने घराचं 'घरगुती निवास' करून टाकलं. पुढच्या दोन्ही खोल्या पाहुण्यांच्या, आमचा एसीसुद्धा त्यांचाच. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार आम्ही चौघं मागच्या कोठीत, नारळ आणि त्यांच्या सोललेल्या सोडणांच्या ढिगाशेजारी. सोमवारी घर परत मिळतं, तेव्हा मी ऑफिसात आणि थोरली इशिता शाळेत.

दुपारी पाहुणे गेल्यावर सरळ विचारलं.

"अजय, एक शनिवार बंद ठेवया. एकच."

"आता? सीझन सुरू झालो आसा, चारुता. पीक उभा आसताना कोण सुट्टी घेता?"

"पोरां तुझी आसत, का पर्यटकांची?"

"पोरांसाठीच तर करतंय गो."

हे एक वाक्य बरं सापडलंय. पोरांसाठी म्हणे. पोरं कोठीत डास मारतायत.

मी ठरवलंय. घर भरलेलं असू दे नाहीतर रिकामं, यापुढे प्रत्येक शनिवार-रविवारचा मुलांसाठी बेत आखायचा. आरामात उठायचं, घावणे आणि नारळाचा रस, चादरीचा तंबू, दुपारी गोष्ट, संध्याकाळी कुर्ल्यांची बिळं बघायला तोंडवलीचा किनारा. घरात, शांतपणे, माझ्या मुलांबरोबर. बघू कोण अडवतं ते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसातून आले तर इशिताने स्वतःची खेळणी गोणपाटात भरून, उशी वर ठेवून कोठीच्या दाराशी नेऊन ठेवली होती. सांगावं लागलं नाही. दुसरीतली पोर! "शहाणी गो माझी बाय," म्हणून जवळ घेतली. नाहीतर हा विश्वेश. पलंगाचा पाय धरून बसला, "हयसरच झोपतलंय" म्हणून. चार वर्षांचा आहे, पण ताकद बैलाची. पाहुण्यांची गाडी यायची वेळ झालेली, चादरी बदलायच्या बाकी. शेवटी दंडाला धरून ओढत नेला. रडून रडून झोपला.

अजयला काय त्याचं! तो कुडाळ स्टेशनवर, 'वेलकम वेलकम' करायला. घाणेरडी कामं माझ्या वाट्याला टाकायची आणि आपण गोड बोलायला मोकळं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बेताचे तीन तेरा. घावणे केले. पहिला घावणा इशिताच्या ताटात पडणार, एवढ्यात अजय आत आला, "पुण्याच्या मॅडमांका वास इलो, चार देशीत?" चाराचे बारा झाले. मुलांनी बिस्किटं खाल्ली. आणि दुपारपर्यंत 'न्याहारीस पारंपरिक घावणे-रस' असं अजयने मोबाइलवर टाकूनही दिलं.

या पुण्याच्या मॅडम म्हणजे सुनीती. नवरा, एक मुलगा. स्वभावाने वाईट नाहीत, तेच जास्त डोक्यात जातं. वाईट असत्या तर सोयीचं झालं असतं. पडवीत पाय पसरून तिघं कॅरम खेळत होती. कॅरम आमच्या मुलांचा. मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, "घरी असलो की मुलाला वेळच देता येत नाही हो. म्हणून अधूनमधून इथे येतो. काही करायचं नाही, नुसतं घरात बसायचं. तुमच्या मुलांचं बरंय, रोजच असं."

"हो ना," म्हणाले. ट्रे हातात होता म्हणून. माझी मुलं तेव्हा मागच्या पायरीवर त्यांच्या दुपारच्या जेवणाचा लसूण सोलत होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मी पिंगुळीची. बाहुल्यांचे खेळ आणि चित्रांच्या पोथ्या बघत मोठी झाले, आमच्या आळीपलीकडेच ती घरं. म्हटलं, मुलांना तेवढं तरी दाखवावं. ऑफिसातून जुने पुठ्ठे आणले, सकाळी तिघांनी बसून राक्षस, राणी आणि एक हत्ती कापला. विश्वेशच्या हत्तीला सोंड दोन. संध्याकाळी कोठीत दोरीवर जुनं धोतर टांगलं, मागे टॉर्च. खेळ रंगला होता. इशिता राणीचा आवाज काढत होती, मी राक्षसाचा. कितीतरी दिवसांनी तिघं खदखदून हसलो.

तर दारात टाळ्या. या आठवड्याचे पाहुणे. मागे अजय. "अरे वा, किती ऑथेंटिक! पडवीत करा ना, आम्हालाही बघू दे."

अजय माझ्याकडे बघत होता. पाहुण्यांसमोर 'नाही' म्हणायचं नाही हा या घरचा कायदा. धोतर सोडून पडवीत बांधलं. खोटं कशाला लिहू, खेळ चांगला झाला. मी राक्षस असा काही उभा केला की एक पोर आईला बिलगलं. विश्वेशला मात्र मध्येच "माझो हत्ती माका दी" करायचं होतं, त्याला आईंकडे आत पाठवावं लागलं. माझ्या सासूबाई, सुभद्राबाई, त्या बिचाऱ्या माशांची कढी ढवळत होत्या, तिथे तो भोकाड पसरून बसला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अजयने जाहिरात टाकलीय. 'शनिवारी रात्री पिंगुळीच्या माहेरवाशिणीचा बाहुल्यांचा खेळ.' खाली माझा फोटो, राक्षस हातात.

पिढ्यानपिढ्या ज्यांनी ती कला पोटाशी धरली त्यांनी हे बघितलं तर माझ्या तोंडात मारतील, आणि बरोबर करतील. मी अजयला तेच सांगितलं. हा म्हणतो, "लोकांका आवाडला ना? मगे?"

मुलांसाठी काढलेली प्रत्येक गोष्ट हा माणूस ताटात घालून पाहुण्यांपुढे ठेवतो. उद्या मी मुलांना कुशीत घेऊन झोपले तर त्याचंही पॅकेज करील. पुठ्ठ्याच्या बाहुल्या चुलीत घातल्या. हत्तीसकट. विश्वेशला सांगितलं, उंदरांनी नेला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

देव आहे!

सासरे, भिकाजी, दुपारी देवळातून आले आणि पडवीत बसून त्यांनी शांतपणे सांगितलं, "कौल झालो. बारा तारखेक गावपळण."

आमच्या पिंगुळीला असलं काही नाही, मी लग्न होऊन आले तेव्हा मला खोटंच वाटलं होतं. काही वर्षांनी एकदा, ग्रामदेव रवळनाथाने कौल दिला की अख्खा गाव घर सोडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन रात्री वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहायचं. गावात चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, पाऊल टाकायचं नाही. मग पुन्हा कौल लावायचा, देवाने 'या' म्हटलं की परतायचं. मागच्या खेपेला इशिता पाळण्यात होती.

बारा म्हणजे शुक्रवार! शुक्रवार, शनिवार, रविवार! अजयचं तोंड बघण्यासारखं झालं. "बुकिंगा घेतलेली आसत, बाबा."

"तुझी बुकिंगा देवान घेतलेली नाय," सासरे म्हणाले आणि पानाचा डबा उघडला.

मी आत जाऊन साखर खाल्ली. अजयला जे माझ्या तोंडून कळलं नाही ते देवाच्या तोंडून तरी कळलं.

६ डिसेंबर, शनिवार

अजय मुकाट्याने बुकिंगं रद्द करतोय. फार मुकाट्याने. हा माणूस गप्प असला की मला धास्ती वाटते.

आज खोपीसाठी बांबू तोडायला मुलांना घेऊन गेला. बेताप्रमाणे दुपारी मी त्यांना गोष्ट वाचून दाखवणार होते, तसं सांगूनही ठेवलं होतं. तिघं आली ती दिवेलागणीला, चिखलाने माखून, अंगभर खाज, विश्वेश बापाच्या खांद्यावर झोपलेला. इशिता सांगत सुटली, पप्पांनी साप दाखवला, पप्पांनी बांबूची पिपाणी करून दिली. मला इतका संताप आला! वेळेचं काही भान? मुलांच्या दिवसाला काही वळण नको? विश्वेश झाला तेव्हा मुंबईतली हॉटेलची बरी नोकरी सोडून आला, "लांब रवलंय तर पोरां माका काका म्हणतली" म्हणून. आणि इथे येऊन काय केलं, तर घराचंच हॉटेल.

गोष्ट वाचायची राहिली ती राहिलीच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

देवळातली घंटा झाली आणि गाव हलला. टेम्पोत गाद्या, भांडी, कोंबड्यांची टोपली. सासऱ्यांनी गाईचा दोर धरलेला, आईंनी देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि कुलूप लावलं. वेशीपलीकडे नदीच्या काठाला आमच्या दोन खोपी, एक सासू-सासऱ्यांची, एक आमची. शेजारी भावकी. सगळीकडे धूर, पोरांची पळापळ, कोणाचा तरी कोंबडा हरवलेला.

इशिताने खोपीत गेल्या गेल्या विचारलं, "ही कोणाची?"

"आपली."

"शनिवारी पण?"

"शनिवारी पण, रविवारी पण." तिने उशी ठेवली. मग उचलली, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली, पुन्हा उचलली. जागा निवडत होती बहुतेक. मला हसू आलं.

१३ डिसेंबर, शनिवार

राग लिहून संपत नाही, तरी लिहिते.

सकाळ किती छान गेली. उन्हं चढली तरी मुलं उठली नव्हती, मी उठवलं नाही. नदीत पाय सोडून कुर्ल्या पकडल्या, म्हणजे मुलांनी पकडल्या, मी ओरडले. ना घड्याळ, ना चादरी. मी दुपारच्या गोष्टीचं पुस्तकही विसरले होते आणि आठवल्यावर उठावंसं वाटलं नाही.

जेवायच्या वेळेला पांढरी गाडी. त्यातून उतरली सुनीती, नवरा, मुलगा. गळ्यात कॅमेरा. "चारुताताई! अजयनी सांगितलं गावपळण आहे, म्हटलं सोडायचंच नाही!"

मी अजयकडे बघितलं. तो गाडीतून बॅगा काढत होता. माझ्याकडे पाठ.

बाजूला ओढून नेला. "ह्या काय?"

"तीन रात्री घर बंद आसा, चारुता. म्हटलंय, ह्यांका येवचाच होता. आमच्या खोपीत रवतली. पोरांका आयेच्या खोपीत धाड. सोमवारी घरात इल्यार एक रात पुढच्या खोलीत. बस, मगे जातली."

"देवाक तरी सोडशीत?"

"हळू बोल. बघतत."

बघतातच. भावकी बघत होती, सुनीती बघत होती, झापांच्या भिंतीला कान असतात. अख्ख्या गावासमोर नवऱ्याशी भांडायचं? हात दाखवून अवलक्षण. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला आणि गेले बिछाने उचलायला. इशिताने तिची चादर आधीच घडी करून ठेवली होती. मी ती उचलली आणि सासूबाईंच्या खोपीत नेऊन टाकली. विश्वेशलाही तसाच उचलून नेला, लाथा झाडत होता.

सासरे विडी ओढत बसले होते. काही बोलले नाहीत. या घरातले पुरुष न बोलता सगळं करून घेतात.

१४ डिसेंबर, रविवार

दिवसभर सुनीतीबाईंना गावपळण समजावून सांगायचं काम. मासे कसे, झाप कसे विणतात, फोटो काढू का. मी चुलीपुढे. मुलं कुठे होती मला ठाऊक नाही, आसपासच असणार.

दुपारी इशिता येऊन बसली. म्हणाली, "आई, आता आपल्या घरात कोण आसा?"

"कोण नाय. रिकामा आसा."

"पावणे पण नाय?"

"नाय."

"मगे आपण थंय जावया ना."

सांगितलं, नाही जाता येत, या तीन रात्री गाव देवाचा असतो. तिने विचार केला. "म्हणजे आता देव पावणो इलो? तो खंयच्या खोलीत रवता? एसीच्या?"

मला हसू आलं आणि मग इतका राग आला की भाकरी तव्यावर करपली. सगळा अजयवर. घरात कोणी नाही, असा एकच शनिवार-रविवार आला, तेव्हा आम्ही नदीकाठी, आणि इथेही पोर परक्या खोपीत. संध्याकाळी नदीवर भांडी घासताना त्याला सगळं ऐकवलं. बायकापोरांना रस्त्यावर आणलंस म्हटलं. हे जरा जास्त झालं असेल, पण म्हटलं. तो पातेलं घासत राहिला. मग एवढंच म्हणाला, "मी मुंबयक परत जावचंय काय? सांग. जातंय."

याला धमकी म्हणतात.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी वेशीवर सगळा गाव जमला. कौल लागला. उजवा, म्हणजे 'या'! मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! तुझ्या शब्दाक मान देवन तीन राती लेकरां वेशीभायर रवली. आता त्येंका आपापल्या घरात घे, सुखान रवाक दी, रे म्हाराजा!" आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. आईंनी वळून बघितलं.

घरी पोचलो तेव्हा सुनीतीची गाडी आमच्या आधी अंगणात उभी. आईंनी तुळशीपुढे दिवा लावला, कुलूप काढलं. इशिता चप्पलही न काढता आत धावली. मी म्हटलं, जाऊ दे, घर बघायची घाई.

अजय बॅगा घेऊन पुढच्या खोलीशी गेला तर दार आतून बंद. कडी लावलेली.

"इशिता, दार उघड. पावणे उभे आसत."

आतून आवाज आला. आमच्या घरात फोनवर पाहुण्यांशी बोलायचा जो आवाज आहे तो, शुद्ध, गोड. "सॉरी हां. रूम अव्हेलेबल नाही. बुक आहे."

अजय हसला. सुनीतीही हसली, "किती गोड!" अजयने पुन्हा ठोठावलं. पुन्हा तेच, "सॉरी हां." तिसऱ्या खेपेला कोणी हसलं नाही. अजयने माझ्याकडे बघितलं. "तू सांग. तुझा आयकात."

सांगणार होतेच, पण त्याच्या बाजूने नाही. आता कशी जिरली, असं झालं होतं मला. दाराला तोंड लावून म्हटलं, "बाय, मी आसंय. आई. कोणाक आत घेव नको. माका एकटीक घे."

मग साध्या आवाजात, रोजच्या:

"तुका तर नकोच."

"कित्याक गो?"

"तू माका भायर काढशीत."

"मी? पप्पांक विचार कोण पावणे हाडता—"

"पप्पा खंय काढतत? पप्पा कुडाळाक जातत. तूच काढतंस. खोपीतल्यानसुद्धा तूच काढलंस."

सगळ्यांनी ऐकलं. सुनीतीने, अजयने, तुळशीपाशी उभ्या सासऱ्यांनी. अजय एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला कोणाशी तरी भांडायचं होतं.

मी पडवीतल्या बॅगा उचलल्या, दोन्ही, आणि अंगणात नेऊन गाडीत टाकल्या. सुनीती मागून "अहो, राहू दे, आम्ही ठेवतो" म्हणत होती. म्हटलं, "मॅडम, खोली नाही. आज नाही आणि शनिवारीही नाही." माझाही तोच आवाज निघाला, शुद्ध आणि गोड. स्वतःचाच राग आला. अजयने त्यांना हात जोडले. मी फोडाफोडी करीन असं वाटत होतं त्याला, की काय कोण जाणे, पण त्याने मला अडवलं नाही. गाडी वळवायला तोच मागे उभा राहिला.

मग मी येऊन दारावर थाप मारून सांगितलं, "इशिता, गेले. खरोखर गेले. उघड आता."

उघडलं नाही. आत पलंगावर उड्या मारल्याचा आवाज येतो, मी बोलले की थांबतो. म्हणून मी बोलायची थांबलेय. हे दाराबाहेर जमिनीवर बसून लिहितेय. ऑफिसला रजा आहे. विश्वेश मांडीवर डोकं ठेवून झोपलाय.

जेवायला वाढायच्या वेळी आई आल्या. म्हणाल्या, "चेडू खंय गो?"

"घरात आसा."

"आणि तू हंय जमनीर कित्याक बसलंस?"